रात्रशाळेत आठवड्याला सव्वा तास कॉम्प्युटर : नेमकं काय शिकवू?

रात्रपाळीचा मास्तर | गुरुवार, रात्री ११.४०

मंडळी, आत्ताच घरी आलोय, झोप येत नाहीये, म्हणून लिहितोय.

मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळा कागदावर साडेसहाला भरते. प्रत्यक्षात सातनंतर एकेक जण येतो, कारण शेठने सोडल्याशिवाय निघता येत नाही. पटावर २३ नावं, रोज चौदा-पंधरा हजर. सगळ्यात धाकटा १५ वर्षांचा, एका खानावळीत ताटं उचलतो. सगळ्यात मोठ्या बाई ३४ वर्षांच्या, चार घरची धुणीभांडी करतात आणि त्यांचा मुलगा दिवसाच्या शाळेत आठवीला आहे. मधे इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात खडे चिकटवणारी मुलगी, एक झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा, दोन कुरिअरवाले, भाजीच्या गाडीवरचा एक.

इमारत दिवसाच्या शाळेची. तिथली कॉम्प्युटर लॅब आम्हाला मिळत नाही, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई पाचला घरी. मग एका ऑफिसने काढून टाकलेली नऊ मशीन मी मागून आणली, त्यातली सात चालतात. एकाचा स्पेसबार अडकतो. इंटरनेट म्हणजे माझा मोबाईल. दर गुरुवारी सव्वाआठ ते साडेनऊ एवढा वेळ मुख्याध्यापकांनी काढून दिलाय.

पहिल्या गुरुवारी मी नेहमीच्या पुस्तकावरून सुरुवात केली. इनपुट साधने, आउटपुट साधने, संगणकाच्या पिढ्या. तिसऱ्या पिढीपर्यंत खानावळवाल्याचं डोकं टेबलावर टेकलं होतं. त्याला उठवायचा धीर झाला नाही, सकाळी पाचपासून उभा असतो तो.

दुसऱ्या गुरुवारी पुस्तक ठेवून दिलं आणि सरळ मशीनवर बसवलं. जे दिसलं ते सांगतो. जवळजवळ सगळ्यांनी आधी स्क्रीनवर बोट लावलं. बोट लावून काही होईना तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, की मी बिघडलेलं मशीन दिलंय. कुरिअरवाल्याचा माउस टेबलाच्या कडेला पोचला आणि तो तिथंच थांबला. ‘सर, टेबल संपलं.’ माउस उचलून परत अलीकडे ठेवायचा असतो हे मी आयुष्यात कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं.

ही तीच मुलं, जी फोनवर रील कापून, गाणं लावून, पाच मिनिटांत चढवतात. जीमेल सगळ्यांकडे आहे, पण पासवर्ड एकालाही माहीत नाही, कारण खातं मोबाईलच्या दुकानदाराने फोन घेताना उघडून दिलेलं.

तर प्रश्न असा. वर्षभरात मला फार तर तीस गुरुवार मिळतील. परीक्षा, गणपती, कारखान्यातला ओव्हरटाइम वजा करता वीसच धरा. वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंट या ठरलेल्या वाटेने जाऊ, टायपिंगवर भर देऊ, की आणखी काही? मुख्याध्यापक म्हणतात, पुढे एमएस-सीआयटी करतीलच, तुम्ही तोंडओळख द्या. पण त्या कोर्सची फी भरायला यातले किती जण जातील हे मला ठाऊक आहे. ज्यांनी अशा मुलांना शिकवलंय त्यांनी कृपया लिहा.

---

निवांत_कोकणी | शुक्रवार, सकाळी ८.०५

मास्तर, रागावू नका, पण तुम्ही उगाच डोक्याला ताप करून घेताय. सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीच्या भिंतीला भोक पाडून कॉम्प्युटर बसवला. शिक्षक नाही, पुस्तक नाही. पोरं आपापली शिकली. तुमची पोरं तर रील बनवतात म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली. मशीन चालू करून द्या आणि बाजूला व्हा. आमच्या वेळी कुणी शिकवलं होतं? मी स्वतः सायबर कॅफेत तासाला तीस रुपये देऊन शिकलो.

---

टंकनताई | शुक्रवार, दुपारी २.३०

सर, मी सांगलीकडे टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते, मशीनच्या टकटकाटापासून आत्ताच्या कॉम्प्युटर टायपिंगपर्यंत सगळं बघितलंय. माझं मत विचाराल तर मराठी टायपिंग सोडू नका, आणि इंग्रजीतून ‘namaste’ टाइप करून ‘नमस्ते’ उमटवायची सवय तर मुळीच लावू नका... अरेरे, इंग्रजी अक्षरं आली, चालवून घ्या. ज्या मुलाचं इंग्रजी कच्चं आहे त्याला मराठी लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवायला लावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

इनस्क्रिप्ट शिकवा, म्हणजे थेट देवनागरी अक्षरं उमटवणारा कीबोर्ड. विंडोजमध्ये आधीपासून असतो, फक्त सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडायचा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ, त चा थ, प चा फ. बाराखडी आलेल्या माणसाला हे पाठ करावं लागत नाही, कळतं. वेलांटीचंही तसंच. जुन्या टाइपरायटरच्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारावी लागायची, इथं आपण बोलतो त्याच क्रमाने, आधी अक्षर मग वेलांटी.

माझी पहिल्या दिवसाची युक्ती देते. बोटं मधल्या ओळीवरून हलवायची नाहीत आणि हे शब्द मारायचे : पोपट, रोपटे, पत्र, चित्र, पत्ते, तुरुतुरु. सगळे मधल्याच ओळीत बसतात. ‘पत्र’ मधे पाय मोडायचा कसा तेही येऊन जातं, डाव्या हाताचं मधलं बोट. पहिल्याच तासाला जोडाक्षर उमटलं की चेहरे बघा.

आणि कुणी मुलांना जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अर्ज करून देत असेल तर थांबवा. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं अर्ज उघडला की नुसता कचरा दिसतो. लिहायचं ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर तेच अक्षर दिसतं.

---

सातपुड्यातला | शुक्रवार, रात्री ९.५०

मी नंदुरबार जिल्ह्यात वरच्या भागात शिकवतो. आमच्याकडे प्रश्न वेगळा, पण मुळाशी तोच.

आमच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते स्कॅन केले की दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडतो. उघडतो म्हणजे रेंज असेल तर. रेंज टेकडीवर, शाळा खाली. म्हणून मी एक रास्पबेरी पाय घेतला (तळहाताएवढा कॉम्प्युटर, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी), त्यात किविक्स (नेटशिवाय विकिपीडिया वाचायची सोय) टाकून मराठी विकिपीडिया भरला. नेट नसताना तो आपलाच वायफाय सोडतो आणि पोरं जोडून घेतात. वीज गेली तर पॉवर बँकेवर चालतो. मास्तर, तुमचा मोबाईल डेटा वाचेल, बघा.

पण खरं सांगायचं ते निराळंच. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. पंतप्रधान आले होते. आमच्या जिल्ह्याला ‘आधारचं माहेर’ म्हणायला हरकत नाही. तर त्या आधारवर आता गावोगावी पैसे निघतात. बँकेत जायला नको, छोट्या मशीनवर अंगठा ठेवा, पैसे घ्या. म्हाताऱ्यांची मोठीच सोय. फक्त काय होतं, की एखादा मशीनवाला अंगठा ठेवून घेतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणतो आणि आजीच्या खात्यातून पैसे मात्र गेलेले असतात. आमच्या नववीतल्या एका मुलीच्या आजीचे असेच १,५०० गेले.

त्यानंतर मी नववीला एकच धडा पंधरा दिवस शिकवला. अंगठा ठेवायच्या आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं : शिल्लक बघतोय की रक्कम काढतोय. काढत असेल तर आकडा किती. व्यवहार फसला म्हणाला तरी पावती मागायची, फसल्याचीही पावती निघते. पावतीवर शिल्लक छापलेली असते, ती वहीत उतरवायची. मी खऱ्या पावत्यांचे नमुने जमवले, आधारचे आकडे काळे केले आणि पोरांकडून वाचून घेतल्या. आता बाजाराच्या दिवशी आज्या नातवंडांना बरोबर घेऊन जातात. मशीनवाल्याला पोरं आवडत नाहीत, असं ऐकतो.

आमच्या पोरांची घरची बोली पावरी. मराठी ही त्यांना शाळेत आलेली भाषा. त्यामुळे ताईंचं इनस्क्रिप्टचं म्हणणं पटतं, पण ‘बाराखडी आलेल्या माणसाला’ ही अट आमच्याकडे नववीतही सगळ्यांना लागू होत नाही. तिथं मी बोलून टाइप करायला लावतो. फोन त्यांचे उच्चार काय वाटेल ते ऐकतो. मग ते दुरुस्त करता करता शुद्धलेखन होतं. उलटा घास आहे, पण पोटात जातो.

---

रात्रपाळीचा मास्तर | शनिवार, सकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

कोकणीबुवा, रागावलो नाही. कालकाजीच्या पोरांना दुपार मोकळी होती. माझ्या पोरांना सव्वा तास मिळतो, तोही आठवड्यातून एकदा, भोकाशी घुटमळत शोधायला वेळ कुठला? शिवाय आपापलं शिकतो तो माणूस जे दिसतं तेच शिकतो. आमच्या खानावळवाल्याने आपापलं काय शोधलं, सांगू? टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा’. पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये आले. मग ‘मोठ्या टास्क’साठी ४,००० भरायला सांगितले. ते त्याने शेठकडून उचल घेऊन भरले. मला कळलं तेव्हा आठवडा उलटला होता. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, पण एवढ्या उशिरा पैसे कुठले मिळतात. तुम्ही सायबर कॅफेत तीस रुपये दिलेत, याने चार हजार.

सातपुडेकर, तुमचं पावत्यांचं वाचून रात्रभर विचार करत होतो. मी उलट्या टोकाने निघालोय असं वाटतं. ‘कॉम्प्युटर’ शिकवायला निघालो. यांच्या हातात आधीच कुठले कागद आहेत, ते विचारलंच नाही. येत्या गुरुवारी विचारतो. ताई, पोपट-रोपटे वहीत लिहून घेतलं.

---

कोचीकर | शनिवार, सकाळी ११.२०

मास्तर, मशीन जुनी असतील तर विंडोजच्या नादी लागू नका, हलकं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) टाका. मी बारा वर्षं केरळात आहे. इथल्या सरकारी शाळांत सगळं लिनक्सवरच चालतं आणि दहावीला आयटीची प्रॅक्टिकल परीक्षा असते. पोरांना फरक कळतही नाही. त्यावरच्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखंच) मराठी मेनूही मिळतो. अडकलात तर व्यक्तिगत निरोप टाका, फोनवर बसवून देतो.

---

निवांत_कोकणी | शनिवार, दुपारी १२.०२

चार हजारांचं वाचून वाईट वाटलं. शब्द मागे घेतो. अर्धेच.

---

रात्रपाळीचा मास्तर | काही आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ११.१०

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी पुढे काय झालं विचारलं म्हणून.

त्या गुरुवारी मी मशीन सुरूच केली नाहीत. म्हटलं, मागच्या वर्षभरात कॉम्प्युटरच्या कामासाठी कुणाला किती पैसे दिले ते सांगा. फळ्यावर लिहीत गेलो. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, आधारवरचा नंबर बदलणं, बायोडाटा, गावाकडच्या सातबाराची प्रिंट. आणि एक असं, की मी उडालोच : ‘फोटो बारीक करून देणे, ३० रुपये’. म्हणजे कुठल्याशा संकेतस्थळाला फोटो ५० केबीच्या आत हवा होता, फोनमधला फोटो तीन एमबीचा, आणि तो लहान करायचे सेवा केंद्रवाल्याने तीस रुपये घेतले. वर्गात अशा पाच जणांनी दिले होते. झेरॉक्सवाला पोरगा मान खाली घालून हसत होता. म्हणाला, ‘सर, आमच्याकडे वीसच घेतात.’

तर पहिला खरा धडा तो झाला. केबी म्हणजे काय, एमबी म्हणजे काय. संगणकाच्या पिढ्या न शिकता कळलं. शिकवलं त्या झेरॉक्सवाल्याने, मी बाजूला उभा. गिऱ्हाईक कमी होईल ना रे, विचारलं तर म्हणतो, दुकान कुठं माझंय.

त्याला प्रिंट, स्कॅन, पीडीएफ सगळं येतं, पण फाईल कुठे जाते ते माहीत नव्हतं. दुकानात सगळं डेस्कटॉपवर पडलेलं असतं. हाच सगळ्यांचा मोठा खड्डा निघाला. फोनमध्ये काही ‘सेव्ह’ करावं लागत नाही, फोटो काढला की तो गॅलरीत असतोच. त्यामुळे पत्र टाइप करून खिडकी बंद केली आणि पुढच्या गुरुवारी ‘सर, माझं पत्र कुठंय?’ पंधरापैकी अकरा जणांची पत्रं गेली. मी दोन आठवडे फोल्डरवर घालवले. समजावून जमेना, तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईंनीच सोडवलं. त्या बाकीच्यांना म्हणाल्या, ‘अरे, मांडणीवर डबा ठेवतो तसं. डब्यावर नाव नाही लिहिलं तर हळद कुठली नि तिखट कुठलं?’ आता आमच्याकडे फाईल सेव्ह करायला ‘डब्यात घालणे’ म्हणतात. मुख्याध्यापक तपासणीला आले तेव्हा मुलगी म्हणाली, ‘सर, बायोडाटा डब्यात घातला.’ त्यांनी माझ्याकडे जे बघितलं!

नंबर आणि पासवर्ड हा दुसरा खड्डा. रिचार्ज थकलं की नंबर जातो, पोरं नवीन सिम घेतात, आणि काही महिन्यांनी तो जुना नंबर भलत्याच माणसाला मिळतो. आधारला, बँकेला, जीमेलला मात्र तोच जुना. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. दहावीच्या माझ्या सहा जणांपैकी दोघांचे ओटीपी बंद सिमवर गेले असते. आम्ही एक संपूर्ण गुरुवार फक्त जीमेलचे पासवर्ड परत मिळवण्यात घालवला. चौघांचे मिळाले नाहीत, कारण खात्याला दुकानदाराचाच नंबर जोडलेला. नवीन खाती काढली. पासवर्ड कुठे लिहायचा यावर भांडण झालं. मी म्हटलं, लिहायचा नाही. बाई म्हणाल्या, लिहिला नाही तर विसरणार, आणि माझ्या पोथीच्या मधल्या पानात कोण बघतंय? मी गप्प बसलो. वरणभाताच्या घरात पासवर्ड मॅनेजर सांगण्यापेक्षा पोथी बरी.

ताई, इनस्क्रिप्टचा हिशोब देतो. पंधरातले सहा जण चिकटले. बाकीचे बोलूनच टाइप करतात, त्यांना मी आता टोकत नाही. खडे चिकटवणाऱ्या मुलीची बोटं सगळ्यात जलद, तिने दुसऱ्या आठवड्यात ‘तुरुतुरु’ न बघता मारला. सहा जण म्हणजे कमी, हे मला माहीत आहे. रागवा.

आणि कोचीकर, तीन मशीनवर लिनक्स चढलं. चौथं चढवताना मेलं. त्याचा दोष तुमच्याकडे नाही, त्याचा वास आधीच येत होता.

आता एक्सेलचं सांगतो, म्हणजे लिब्रेऑफिसमधलं तेच. मी नेहमीसारखं ‘विद्यार्थ्यांचे गुण’ घेणार होतो. त्याऐवजी म्हटलं, स्वतःची कमाई भरा. खड्यांच्या कामात डझनावर पैसे, डिझाइनप्रमाणे दर वेगळा. ती मुलगी वहीत रोजचे डझन लिहून ठेवतेच. तीन गुरुवारांत तिने महिना भरला, गुणाकार, खाली बेरीज. बेरीज आली आणि ती पडद्याकडे बघत बसली. हातात मिळाले होते त्यापेक्षा ३४० रुपये जास्त दाखवत होतं. वर्गात एकदम शांतता. कुरिअरवाला म्हणाला, ‘शेठने खाल्ले.’ मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रिंट काढून दिली आणि सांगितलं, भांडू नकोस, विचार.

शुक्रवारी तिने विचारलं. शेठने आपली वही काढून दाखवली. गणपतीच्या आधी तिने ५०० रुपये उचल घेतली होती. ती शेठने कापली होती, आणि तिच्या कोष्टकात उचलीचा रकानाच नव्हता. म्हणजे पैसे शेठकडे राहिलेच नव्हते, उलट १६० जास्तच आले होते! ते कुठून आले, तर एका डिझाइनचा दर मधल्या आठवड्यात वाढला होता. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि तिने जुन्याच दराने गुणलं होतं.

आज ती आल्या आल्या मशीनवर बसली, दोन रकाने वाढवले. एकाला नाव ‘उचल’, दुसऱ्याला ‘दर कधी बदलला’. खानावळवाला बाजूला स्टूल ओढून बसला होता. त्याच्या त्या चार हजारांच्या उचलीतले किती फिटले हे त्याला माहीत नाही, शेठ तोंडी सांगतो. त्याने तिचंच कोष्टक कॉपी केलं आणि डझनाच्या जागी ‘दिवस’ लिहिलं. साडेनऊची घंटा झाली तरी उठेना.

एक प्रश्न राहिलाच. प्रिंटरच्या शाईचं कुणी काय करतं? माझी बाटली दोन महिन्यांत संपली आणि मुख्याध्यापक म्हणतात, खडूच्या खर्चात बसत नाही.